रिकामे सिलिंडर कोण मोजतं?

१

जुमाशच्या उशाशी लावलेला नवा सिलिंडर रिकामा होता.

मंगळवारी सकाळी इस्पितळातून फोन आला तेव्हा आम्हाला हे कळलं. नर्सनं गाडीतून उतरलेला सिलिंडर सरळ खाटेशी नेला, नळी जोडली, चावी फिरवली, आणि हवेचा आवाज आलाच नाही. दुसरा आणायला ती वरच्या मजल्यावर धावली. परत आली तोवर जुमाश गेला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर बसून अख्ख्या साय-तेरेक गावाचे जोडे शिवणारा जुमाश. वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तर तो वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अगाय, हा प्रश्न मला विचारू नका. मी स्वतःलाही विचारत नाही."

आमच्याकडे शिक्षकाला अगाय म्हणतात. मी पदार्थविज्ञान शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या उन्हाळ्यात साथ आली, सरकारनं आमचा यंत्रांचा कारखाना ताब्यात घेतला, लढाईच्या दिवसांत घेतात तसा, आणि मलाही बोलावणं आलं. ट्रॅक्टरचे भाग बनवणं बंद झालं. वेल्डिंगसाठी ऑक्सिजन भरणारं जुनं यंत्र आता इस्पितळासाठी धडधडू लागलं. लोहारशाळेत खाटा बनायच्या, शिवणशाळेतल्या बायका पांढरे अंगरखे शिवायच्या. सगळे कामगार कारखान्यातच जेवायचे, तिथंच झोपायचे. हुकूम उठेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. नव्या माणसांना दाबाचा काटा वाचायला शिकवणं, हे माझं काम.

बुधवारी सकाळी संचालक दोलोतनं मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अगाय, गावावर नेमलेला कमांडंट म्हणतो, बुरुलनं न भरलेलाच सिलिंडर पाठवला. आज संध्याकाळी तो जीप घेऊन येतोय. आणीबाणीचा कायदा आहे, तिला घेऊन जातील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? पोलीस सगळे नाक्यांवर. चौकशीला माणूस नाही. इथं मात्र झाडून सगळे तुमचे विद्यार्थी. तुमच्याशी कुणी खोटं बोललं की तुम्हाला कळतं."

"शाळेत कळायचं. आता तुम्ही मोठे झालात, खोटंही नीट बोलायला शिकलात."

दोलोत हसला नाही. "आणखी एक. जुमाश गेला, हे आत कुणाला माहीत नाही. सिलिंडर रिकामा निघाला, एवढंच मी सांगितलंय. लोकांचे हात कापायला लागले तर काम कसं होणार?"

आमच्या लोकांची ही जुनी सवय आहे. वाईट बातमी आम्ही झाकून ठेवतो. आपण फार मोठी दया करतोय, असंच आम्हाला वाटत असतं.

२

बुरुल यंत्राजवळच उभी होती. चाळिशीची बाई, डोक्याला रुमाल, मास्कच्या वर दोन थकलेले डोळे. तिच्या दोन मुली सासूपाशी होत्या. संध्याकाळी ती गेली, तर त्या मुलींना कोण सांभाळणार हा प्रश्न होता, आणि तिनं तो मला विचारलाही नाही. तिनं फक्त यंत्राकडे बोट दाखवलं.

"अगाय, मी भरला नाही असं कसं होईल? काटा वर गेल्याशिवाय मी चावी बंदच करत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

"मी शिकवलं, पण तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस."

"ते नववीत," ती म्हणाली आणि क्षणभर तिचे डोळे हसले. मग पुन्हा विझले. "सकाळी सकाळी सगळे भरले, गाडीत चढवले. मध्ये एकदाच चहा प्यायला गेले. गाडी अंगणात उभी होती. परत आले तर मेदेत गाडीपाशी."

"काय करत होता?"

"त्यालाच विचारा. मी कुणाचं नाव घेणार नाही. माझं घेतलंय ते पुरे."

मेदेत लोहारशाळेचा मुकादम होता. शाळेतही तो असाच होता, लालबुंद तोंडाचा आणि सदा भांडायला तयार. मी गेलो तेव्हा तो करवतीनं लोखंडी नळी कापत होता आणि सरकारला शिव्या देत होता.

"होतो की गाडीपाशी! चोरासारखा नाही, भिकाऱ्यासारखा. म्हटलं, एक सिलिंडर द्या. हुकूम काय? शंभर खाटा करा. लोखंड कापायला ऑक्सिजन लागतो. तो कुठाय? म्हणे इस्पितळाला. मग मी लोखंड काय दातांनी कापू?"

"आणि घेतलास?"

"अगाय!" त्यानं करवत खाली ठेवली. "माझा चुलता तिथंच पडलाय, त्याच खाटांवर. त्याच्या तोंडचा श्वास काढून मी त्याच्यासाठीच खाट बनवू?"

बोलणं खरं वाटत होतं. पण शाळेत शिकवून शिकवून मला एक समजलं होतं. ज्याला राग येतो तो निर्दोषच असतो, असं नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक निळा सिलिंडर उभा होता.

"हा कुठला?"

मेदेतनं तिकडे बघितलं आणि तो गप्प झाला.

३

तो सिलिंडर रिकामा होता. सगळ्या कारखान्यात असे रिकामे कुठं ना कुठं पडलेले होते. सरकारनं गॅरेजांतून, वेल्डिंगच्या दुकानांतून, कुणाकुणाच्या परसातून ते गोळा केले होते. मेदेत गप्प झाला, कारण त्या एकाच्या तळाशी थोडी हवा उरली आहे का, हे बघायला त्यानं तो परत येणाऱ्या गाडीतून गुपचूप उचलला होता. त्याला त्याचीच लाज वाटत होती.

"कुणी विचारलं नाही तुला?"

"रिकामे कोण मोजतं, अगाय? जाताना मोजतात. येताना कुणी बघतही नाही."

हे वाक्य मी मनात ठेवलं. भरलेला उचलून त्याच्या जागी रिकामा ठेवायचा, तर आधी रिकामा हवा. आणि रिकामा मिळवणं कुणालाही सोपं होतं. प्रश्न उरला तो एवढाच, की अदलाबदल कुठं झाली. अंगणात, की अंगणाबाहेर?

फाटकावर ऐदराली बसायचा. माझ्यापेक्षाही म्हातारा. सगळा जन्म डोंगरात मेंढ्या राखण्यात गेला, शेवटी गुडघे गेले म्हणून मुलानं इथं चिकटवला. तो मला चहाचा पियाला देत म्हणाला, "मास्तर, चौकशीला आलास तर बस. उभ्यानं विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही."

मी बसलो. "काल गाडी गेली तेव्हा सिलिंडर मोजलेस?"

"मेंढ्या मोजतो तसे. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून."

"हात ठेवून? का?"

तो ओशाळला. डोंगरावरून येणारं सकाळचं वारं उन्हाळ्यातही बोचतं. त्यानं आपली वाकडी, सुजलेली बोटं पुढं केली. "ही बघ. सकाळी मूठ मिटत नाही. आणि ते सिलिंडर कसे असतात माहीत आहे का? उबदार. नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखे. गाडी थांबवून मी एकेकाला हात लावतो. मोजणीही होते, बोटंही शेकतात."

"काल सगळे उबदार होते? नीट आठव."

"एखादा थंड असता तर हाताला कळलं असतं. थंडीच तर मला आधी कळते."

सहावीच्या मुलांना मी हे सायकलच्या पंपावर शिकवायचो. पंप मारा, मारा, आणि आता खालच्या टोकाला बोट लावा. मुलं किंचाळायची, "अगाय, गरम!" हवा दाबली की तापते. जबर दाबानं नुकताच भरलेला सिलिंडर बराच वेळ कोमट राहतो. कोपऱ्यात पडलेला रिकामा मात्र सकाळच्या गारठ्यासारखाच गार.

म्हणजे फाटकातून बाहेर पडले तेव्हा सगळे भरलेले होते. बुरुलनं तिचं काम चोख केलं होतं आणि मेदेतनं काही उचललं नव्हतं. इस्पितळात चोरी व्हायला वेळच नव्हता, सिलिंडर गाडीतून थेट खाटेशी गेला होता. उरला फक्त रस्ता. आणि रस्त्यावर गाडीत एकच माणूस होता.

माझा पियाला भरलेलाच राहिला. कारण तो माणूस मला आवडायचा.

४

तालायचा ट्रक तुतीच्या झाडाखाली उभा होता. तालाय आत पाय वर घेऊन बसला होता. मला बघताच त्यानं डोक्यावरचा पांढरा नमद्याचा कालपाक उचलला.

"या अगाय, या! सरकारी गादी झटकून देतो. वर चढता येईल का, की क्रेन मागवू?"

"तुझा न्यूटनचा तिसरा नियम अजून माझ्याकडे बाकी आहे," मी चढत म्हणालो. "तो आधी सांग."

"तो मला बहिणीनं शिकवला. मी एक शब्द बोललो की अनारकानकडून दोन परत येतात."

"समान यायला हवेत."

"तेच तर तिला सांगतो! ऐकते कुठं?"

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

"काल वाटेत कुठं थांबलास, तालाय?"

"नाक्यावर. दोन ठिकाणी. कागद दाखवले, पुढं." तो काचेतून समोर बघत होता. "दुसरीकडे थांबायची परवानगी कुठाय? एक रिकामा निघाला म्हणे. बुरुल एजेला ओरडले का फार?" मोठ्या बहिणीसारख्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

"संध्याकाळी घेऊन जाणार आहेत तिला."

त्याचा चेहरा उतरला. "एका सिलिंडरसाठी? दुसरा लावला असेल ना लगेच. तिकडे तर ढीग असतो."

मी जुमाशचं नाव घेतलं नाही. तालायनं मान खाली घातली. मग त्याचे हात आपोआप चालायला लागले. समोर, काचेखाली एक फडक्याची गाठ होती. त्यानं ती सोडली, एक नान काढला, मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. आमच्यात नान समोर असेल आणि शेजारी माणूस बसला असेल, तर न देता राहता येत नाही. पाहुणा असो की फिर्यादी. आणि दिलेला नान, घाईत का असेना, तोंडाला लावल्याशिवाय उठता येत नाही.

"घ्या अगाय. सात होते, दोन मी कालच उडवले."

मी घास मोडला. छोटा, गोल, तेलात तळलेला. तोंडात जवसाच्या तेलाची चव पसरली.

"आई कशी आहे?"

"बरी होतेय. मागच्या आठवड्यात फार लागला होता दम. आता झोपूनच असते म्हणे. मी फोन केला की अनारकान म्हणते, आत्ताच डोळा लागला. झोप चांगली ना अगाय? शरीर दुरुस्त होतं झोपेत. हे सगळं संपलं की तिला सरोवरावर नेणार आहे. आठ दिवस नुसती वाळूत बसवणार."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरलो. अंगणाच्या मध्यापर्यंत आलो असेन. तोंडातली तेलाची चव जात नव्हती. आणि एकाएकी मला तिचा अर्थ कळला.

५

कारखान्याच्या भटारखान्यात विटेसारखा पाव मिळायचा. इस्पितळातही तोच. तळलेला नान घरच्या कढईतलाच असू शकतो, आणि तालाय कित्येक दिवस घरी गेला नव्हता. म्हणजे काल तो घरी थांबला होता. त्याचं गाव, कायिंग-साय, इस्पितळाच्या वाटेवरच आहे. आजारी आईच्या दारात गाडी थांबवणारा मुलगा काय उतरवेल, हे सांगायला शिक्षक कशाला हवा?

पण मला थांबवलं होतं ते दुसऱ्या गोष्टीनं. असे नान आम्ही गुरुवारी नाही तर शुक्रवारी तळतो, गेलेल्यांच्या नावानं. काल मंगळवार होता. इतर दिवशी तळतात, ते घरात कुणी नुकतं गेलं असेल तर. आणि तेव्हा सात तळतात.

मी तिथंच, अंगणात उभा राहून, गेलेल्यांसाठी फिरवतात तसे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. खरं तर नान खातानाच फिरवायला हवे होते.

दोलोतची गाडी आणि परवाना घेऊन मी कायिंग-सायला गेलो. एरवी मरणाचं घर लांबून ओळखू येतं. दारात यूर्त, नमद्याचा गोल तंबू, उभा असतो. पुरुष काठ्यांवर रेलून रांगेत उभे राहतात, बायकांचे विलाप गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतात. इथं काहीच नव्हतं. गर्दीला बंदी होती. एक बंद फाटक, एक जर्दाळूचं झाड, आणि त्याच्या सावलीत चादरीखाली झाकलेलं काहीतरी उभं.

अनारकाननं मला बघितलं आणि तोंडावर हात दाबला.

"तालायला काही झालं?"

"नाही पोरी. तो बरा आहे. आई कधी गेली?"

ती फाटकाला धरून खाली बसली. मग हळूहळू बोलली.

"मागच्या बुधवारी. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं आली आणि घेऊन गेली. तुमच्याकडेच शिवलेले अंगरखे. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. काकांनी फोनवर सगळ्या वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, वाटेवरच्या माणसाला असली बातमी सांगत नाहीत. त्यात तो गाडी चालवतो, मागं ऑक्सिजन भरलेला. कामावरून सुटला की चार माणसं जातील, बसवतील, रीतीनं सांगतील. मी रोज खोटं बोलते, अगाय. रोज म्हणते, झोपली."

"आणि काल तो आला."

"मी फाटक उघडलं नाही. म्हटलं, तुला लागण होईल. त्यानं एकट्यानं तो उतरवला, आणि बाहेरून ओरडला, 'आईला लाव, सावकाश सोड!' मी काय करणार होते? नको म्हटलं असतं तर..."

"त्याला कळलं असतं."

"हो. म्हणून घेतला. सातव्याचे नान नुकतेच तळून झाले होते. दारातून रिकाम्या हातानं कसा पाठवू? तेच दिले बांधून, फाटकावरून. तो गेल्यावर मला कळलं, मी काय दिलं ते."

मी चादर बाजूला केली. निळा सिलिंडर. चावीवरची टोपी घट्ट बसवलेली होती. तो एकदाही उघडला गेला नव्हता.

"परत करायचा होता," अनारकान म्हणाली. "पण कुणाला सांगू? तो म्हणाला, तिकडे खूप आहेत. एकानं काय फरक पडतो?"

तिलाही मी जुमाशबद्दल काही सांगितलं नाही.

मी तिच्या काकांना सोबत चला म्हटलं. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता.

६

आम्ही पोहोचलो तेव्हा कमांडंटची जीप अंगणात उभी होती आणि बुरुल आपलं कपड्यांचं बोचकं घेऊन पायरीवर बसली होती. मी कमांडंटला म्हटलं, "तुमचा चोर मिळेल. पण आधी मला एक काम करू द्या. ते झाल्याशिवाय त्याला हात लावू नका." तो तरुण माणूस होता, आमच्याच डोंगरातला. गाडीतल्या काकांकडे त्यानं एकदा बघितलं आणि तो जीपच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

तालायला मी तुतीखालच्या बाकावर बसवलं. ऐदराली एका बाजूला बसला, मी दुसऱ्या. दोलोतनं गाडीचं मागचं दार उघडलं. तालायला निळा सिलिंडर दिसला.

त्यानं मोठा श्वास सोडला, ओझं उतरल्यासारखा.

"बुरुल एजेला घरी पाठवा," तो म्हणाला. "मी घेतला. परत येताना एक रिकामा काढून शेतात लपवला होता, दुसऱ्या दिवशी बदलला. वाटलं, रिकामा आहे हे बघून बाजूला ठेवतील, दुसरा लावतील. अगाय, रोज मी गाडीभर श्वास घेऊन आईच्या दारावरून जायचो. रोज. शेवटी राहवलं नाही, बस. तुम्ही तो परत आणलात, म्हणजे तिला आता त्याची गरज नाही ना? बरी झाली ना? मग मला न्या कुठं न्यायचं ते."



तेव्हा गाडीचं पुढचं दार उघडलं आणि काका उतरले. धडधाकट माणूस, कधी काठी न धरणारा. आज त्यांच्या हातात काठी होती.

तालाय काठीकडे बघत राहिला.

काका समोर आले आणि त्यांनी रीतीप्रमाणे लांबून सुरुवात केली. हे जग, त्यात आलेला माणूस, त्याला दिलेला काळ. तालायनं पुढचं ऐकलंच नाही. तो उठला, दोन पावलं ट्रककडे गेला आणि चाकाला धरून वाकला. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो लहान मुलाचा होता.

आम्ही पुरुष त्याच्या बाजूला रांगेत उभे राहिलो. काठ्या नव्हत्या. मेदेत लोहारशाळेतून खाटांच्या नळ्या घेऊन आला आणि एकेक आमच्या हातात देत गेला. आम्ही त्यांच्यावर रेलून उभे राहिलो, मध्ये अंतर ठेवून, जसा हुकूम होता तसं. शिवणशाळेच्या बायका दारात आल्या. विलाप सुरू केला तो बुरुलनं. बोचकं खाली ठेवून, मास्कच्या आडून, जिच्यामुळे तिच्यावर आळ आला होता त्या बाईसाठी. मागं यंत्र धडधडत होतं. ते थांबवायची मुभा नव्हती.

बऱ्याच वेळानं तालायनं चेहरा पुसला. कमांडंट अजून पाठ फिरवून उभा होता. ऐदराली लंगडत गाडीपाशी गेला आणि सवयीनं त्यानं सिलिंडरवर तळवा ठेवला.

"थंड आहे," तो म्हणाला.

"भरलेला आहे," मी म्हणालो. "उबेवरून फक्त नुकता भरला की नाही एवढंच कळतं."

तालाय ते ऐकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. हा मुलगा वर्गात कधी प्रश्न विचारायचा नाही.

"अगाय," तो म्हणाला, "मी ठेवलेला रिकामा... तो कुणाला लागला?"

दोलोतनं मान खाली घातली. मी हातातल्या नळीवर दुसराही हात ठेवला. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

आठवडाभर त्याची बहीण त्याच्याशी अशीच गप्प राहिली होती, फोनवर बोलत असतानाही. आता त्याला आमच्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता. त्यानं डोक्यावरचा कालपाक काढला, आणि आपणहून जीपच्या दिशेनं चालायला लागला.